दमसास

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात होळीनंतरच्या पहिल्या रविवारी घरगुती बैठक व्हायची. अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, वडिलांपासून चालत आलेली. चौकात सतरंज्या, भिंतीला लोड, दोन तंबोरे आणि जिन्याच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली आळीतली मुलं. १९९३ साली त्या बैठकीत मला पहिल्यांदा स्वतंत्र वेळ मिळाला. मी काफी रागातला टप्पा बसवला होता. टप्पा हा गाण्याचा प्रकार म्हणजे ग्वाल्हेरचा जीव की प्राण. त्यात दाणेदार ताना एकीच्या पाठीला एक लागून येतात, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा ते आधीच पक्कं करून ठेवावं लागतं. मी पक्कं केलं होतं. दोन महिने घोटलं होतं.

स्थायी झाली. अंतऱ्याला उठले आणि टाळूवर मुंगी चालावी तशी खाज सुटली. पहिली शिंक मी कशीबशी गिळली. मग मात्र त्या एकामागून एक सुरू झाल्या, वीस तरी असतील. तबलजींनी हात उचलून घेतले. अप्पांनी स्वतः उठून पाण्याचा तांब्या आणून दिला. मी पुन्हा सुरुवात केली, पण नाक दोन्हीकडून चोंदलेलं, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडाने घेतलेला श्वास पहिल्याच तानेत संपला. गाणाऱ्याच्या श्वासाच्या ताकदीला आपण दमसास म्हणतो. त्या दुपारी तो माझ्यापाशी नव्हता.

बैठक चौकात, आणि चौकाच्या पलीकडच्या अंगणात चिलबिलाचं झाड. महाराष्ट्रात त्याला वावळ म्हणतात, संस्कृतात चिरबिल्व. ग्वाल्हेरला मराठी घरांतही ते चिलबिलच. मोठं, ऐसपैस, राखाडी सालीचं. पान चुरगळलं तर उग्र वास येतो, म्हणून गुरं त्याच्या फारशी वाट्याला जात नाहीत, असं आमची कामवाली अम्मा सांगायची. थंडी सरता सरता ते सगळी पानं गाळून टाकतं आणि त्या उघड्या फांद्यांवर बारीक हिरवट-तपकिरी फुलांचे झुबके धरतात. पाकळ्या नाहीत, रंग नाही, गंध नाही. लांबून पाहणाऱ्याला झाड वाळून गेलंय असंच वाटेल. चैत्रात त्या फुलांच्या जागी पातळ, गोल, पापडीसारखी फळं लटकतात, वाऱ्याबरोबर गिरक्या घेत सगळ्या अंगणभर पडतात. प्रत्येक पापडीच्या मध्यावर एक बी. ती सोलून खायची, चव साधारण चारोळीसारखी. आळीतली मुलं खिसे भरून न्यायची.

त्या झाडाचा आणि माझ्या शिंकांचा संबंध तेव्हा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. मी मूळची इंदूरची. लग्न होऊन १९८९ साली इथे आले. पहिले तीन फाल्गुन काही म्हणजे काही झालं नाही, आणि हीच गोष्ट घरच्यांना पटत नव्हती. झाड तेच, घर तेच, मग चौथ्या वर्षी एकदम कसं? नणंदबाईंना वाटायचं की वाळवणं घालायची वेळ आली की मला सर्दी होते. होळीनंतर गच्चीवर कुरडया, पापड, साबुदाण्याच्या चकल्या पसरायच्या, आणि मी वर गेले की दहा मिनिटांत डोळे लाल करून खाली यायची. मला खाली बसून लाट्या करायला द्यायचे. त्या दिवसांत गच्चीवरून हसण्याचे आवाज यायचे, आणि मी एकटी पोळपाटापाशी असायची. ते दुःख मोठं नव्हतं, पण अजून आठवतं.

ही त्या झाडाच्या परागकणांची अ‍ॅलर्जी होती. ती चौथ्या वर्षीच का, याचं उत्तर पुढे कळलं. शरीर पहिल्या भेटीत चिडत नाही. एकदोन, कधी पाचसात हंगाम ते परागकणाशी नुसती ओळख करून घेतं, त्या कणाविरुद्ध एका विशिष्ट प्रकारची प्रतिपिंडं बनवून नाकाच्या अस्तरातल्या पेशींवर बसवून ठेवतं. एवढी तयारी झाल्यावर पुढच्या वसंतात तेच कण आले, की त्या पेशी फुटतात आणि हिस्टामिन बाहेर पडतं. खाज, शिंका, पाणी, सूज, सगळं त्याचंच काम. म्हणजे तीन वर्षं मी त्या झाडाखाली निवांत बसून गात होते, तेव्हा आत ही जुळवाजुळव चालू होती.

संशय मात्र भलत्यांवरच घेतला गेला. कुणी म्हणालं मोहरी. मुरैना-भिंडकडे जानेवारीत मैलोन्‌मैल पिवळी शेतं फुलतात, त्यामुळे ते खरं वाटायचं. कुणी म्हणालं सावर, कुणी पळस. खरं तर डोळ्यांत भरणारी फुलं बहुतेक निर्दोष असतात. त्यांचे परागकण जड आणि चिकट, मधमाशीच्या किंवा पाखराच्या अंगाला लागून जाणारे. ज्याला माशी बोलवायचीच नाही, ज्याचं सगळं वाऱ्यावर चालतं, ते झाड रंगावर आणि वासावर काही खर्च करत नाही. ते कण करतं, कोरडे, हलके, अगणित. वाऱ्याला पत्ता सांगता येत नाही, म्हणून एका फुलापर्यंत एक कण पोचावा यासाठी लाखो सोडावे लागतात. उरलेले आपल्या नाकात.

पुढची तीन वर्षं मी जे जे करून पाहिलं, त्यातलं बरंचसं करायला नको होतं. एका डॉक्टरांनी दर फाल्गुनात अँटिबायोटिक दिलं, जणू दरवर्षी ठरल्या तारखेला जंतू येतात. दुसऱ्यांनी नाकात घालायचे थेंब दिले. दोन थेंबांत नाक मोकळं व्हायचं, स्वच्छ, लहानपणीसारखं. ते चारपाच दिवसांपेक्षा जास्त वापरायचे नसतात, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सात महिने वापरले. मग थेंबांशिवाय नाक उघडेनाच. थेंबाचा जोर ओसरला की आतलं अस्तर पहिल्यापेक्षा जास्त सुजायचं, म्हणून आणखी थेंब. भाद्रपदातही, जेव्हा चिलबिलाचा एक कण हवेत नसतो, मी रात्री उशीखाली बाटली ठेवून झोपत होते. ती सवय सोडायला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे मी बसून झोपले. तुमच्या घरात कुणी असे थेंब महिनोन्‌महिने वापरत असेल, तर कृपा करून आजच डॉक्टरांना दाखवा.

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनच्या समाधीपाशी चिंच आहे. तिचा पाला चघळला की गळा सुधारतो असं गाणारे मानतात. मीही जाऊन चघळला. आंबट लागला, आणि तिथल्या शांततेत बरंही वाटलं.

१९९६च्या मे महिन्यात अप्पांनी झाड तोडलं.

कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की चिलबिलाच्या फुलोऱ्याने दमा होतो. त्या वर्षी मला रात्री पहिल्यांदा धाप लागली होती, छातीतून शिट्टीसारखा आवाज आला होता, आणि अप्पा माझ्या खोलीच्या दाराबाहेर पहाटेपर्यंत येरझारा घालत होते. ते स्वतः गात नसत, पण त्यांचा कान फार तयार होता. ग्वाल्हेर घराण्याचे गायक पंडित कृष्णराव शंकर पंडितांना त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. सून गाणारी मिळाली हे त्यांना इतकं वाटायचं की माझ्या रियाजाच्या वेळी ते चौकातला पंपसुद्धा चालू करू द्यायचे नाहीत. त्यांनी मला विचारलं नाही. मी माहेरी गेले होते. परत आले तेव्हा अंगण पांढरं पडलं होतं. मी पायऱ्यांवर उभी राहिले, आणि आधी कळेचना की काय बदललंय. एवढं ऊन त्या अंगणात मी कधी पाहिलं नव्हतं. मध्ये बुंधा, परातीएवढा, ओला. लाकडाचा तोच उग्र वास. अप्पा म्हणाले, "आता गा, बाळ."

त्यांच्या वडिलांनी लावलेलं झाड होतं ते.

त्या उन्हाळ्यात मागची दोन्ही माजघरं तापली. चिलबिलाची सावली दुपारी दोननंतर त्या भिंतींवर असायची. आईंना, म्हणजे सासूबाईंना, दुपारची झोप लागेना, म्हणून एक कूलर मागे बसवला. पोपट दोनतीन आठवडे येऊन घिरट्या घालून जात होते.

आणि पुढचा हंगाम आला. ११ फेब्रुवारीला मला पहाटे टाळूवर तीच मुंगी चालताना जाणवली. मला आजाराची नाही, अप्पांची भीती वाटली. ते चौकात दात घासत होते. मी उशी तोंडावर घट्ट दाबली आणि शिंकले. पुन्हा दाबली. असं मी नऊ दिवस केलं. न्हाणीघरात नळ सोडून शिंकायची, कोठीत जाऊन शिंकायची, पदराचा बोळा करून शिंकायची. दाबलेल्या शिंकेने कान दुखतात, ते दुखायचे. रियाजाला बसल्यावर गळा खराब आहे म्हणून खर्जच, म्हणजे खालचे स्वरच, तेवढे लावायची. दहाव्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर आल्याचा चहा ठेवला आणि मान वर न करता विचारलं, "सुरू झालं ना गं?" मी हो म्हटलं. ते काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी दुपारचं जेवण अंगणाकडे पाठ करून केलं, एरवी ते अंगणाकडे तोंड करून बसायचे.

झाड तोडून का काही झालं नाही, हे सांगणारी गोष्ट मी बऱ्याच वर्षांनी वाचली. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरांना स्वतःला हा विकार होता. त्यांनी स्वतःच्याच नाकावर, डोळ्यांवर आणि कातडीवर परागकण लावून प्रयोग केले आणि १८७३ साली ते प्रसिद्ध केले. चिकट लेप लावलेल्या काचपट्ट्या पतंगांना बांधून त्यांनी आकाशात सोडल्या होत्या. खाली उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर वरच्या हवेतही परागकण भरपूर होते, जमिनीलगतच्यापेक्षा जास्तच. गवताचे ते कण कुठून कुठून उडून आलेले. पतंगाची ती गोष्ट वाचताना मला आमचा बुंधा दिसला. चिलबिल आमच्या एकट्याच्या अंगणात थोडंच होतं? जुन्या बंगल्यांच्या आवारात, रुळांच्या कडेला, पडक्या हवेल्यांच्या भिंतींतून, सरकारी दवाखान्यांच्या मागे, सगळीकडे. वाऱ्यावर कोसच्या कोस जाणाऱ्या धुळीसाठी आम्ही एक झाड पाडलं होतं.

पहिल्या पावसात बुंध्याला धुमारे फुटले. चिलबिल खोडापासून पुन्हा जोमाने वाढणारं झाड आहे. पहिल्या वर्षी अप्पांनी ते विळ्याने छाटले. त्या हंगामानंतरच्या पावसात छाटले नाहीत. एक धुमारा ठेवला, बाकीचे काढले, आणि त्याला काठीचा आधार दिला. आमच्यात त्यावर एक शब्दही झाला नाही.

२००१ साली दिल्लीला माझी कातडीवरची चाचणी झाली. हातावर ओळीने वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवतात, प्रत्येक थेंबातून सुईचं टोक हलकं टोचतात, आणि पंधरावीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. आधीच्या आठवड्यात अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर कातडी काही बोलतच नाही. माझ्या हातावर चिलबिलाच्या जागी रुपयाएवढी गांधी उठली. विलायती बाभळीच्या जागी त्याहून लहान. घरातल्या धुळीतल्या किड्याची एक बारीक. मोहरीच्या जागी कातडी कोरी. मला त्या गांधीकडे बघून रडू आलं. आठ वर्षं जे "तुझ्या मनाचं आहे" होतं, त्याला आता आकार होता, पट्टीने मोजता येत होता.

मग तीन वर्षं इंजेक्शनं. ज्याचा त्रास, त्याचाच अर्क, आधी अगदी नगण्य, मग आठवड्याआठवड्याने वाढवत, पुढे महिन्यातून एकदा. प्रत्येक वेळी टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, कारण क्वचित जोराची विपरीत प्रतिक्रिया येऊ शकते. चिकाटीचं काम आहे, आणि सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. मला पडलं. शिंका गेल्या नाहीत, पण धाप गेली.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते. या विकारावरचे बहुतेक सल्ले थंड देशांतून आलेले आहेत. खिडक्या बंद ठेवा, बाहेर जाऊ नका, वातानुकूलन लावा, कपडे यंत्रात वाळवा. आमच्याकडे मार्चअखेर पारा चाळिशीकडे झुकतो, मे महिन्यात ४५च्या पुढे जातो. बंद खिडकीची खोली म्हणजे भट्टी. शिवाय ग्वाल्हेरचं घर चालतं कूलरवर, आणि कूलर काय करतो? बाहेरची हवा ओढतो, ओल्या गवतातून आत ढकलतो. तो खिडकी उघडी असल्याशिवाय नीट चालतच नाही. होळी झाली की घरोघरी कूलर उतरवायची, नवं गवत भरायची घाई सुरू होते, आणि चिलबिलाचा फुलोरा नेमका त्याच पंधरवड्यात भरात असतो. कित्येक वर्षं मी रात्रभर त्या वाऱ्यासमोर झोपत होते, आणि सकाळी इतका त्रास का होतो म्हणून देवाला विचारत होते. ओलं गवत थोडे कण अडवतं, हे खरं, पण रोज एवढी हवा येते की अडवणार किती.

उपाय जुन्या घरातच होता. लष्करातले वाडे ज्यांनी बांधले, त्यांना विजेचा पंखाही ठाऊक नव्हता. हातभर जाडीच्या भिंती, मधला चौक, तळघर, दारांना वाळ्याचे पडदे. अशा भिंती मार्च-एप्रिलमध्ये दुपारपर्यंत रात्रीचा गारवा धरून ठेवतात. म्हणून मी आता फाल्गुनात सकाळी सातच्या आत सगळ्या खिडक्या लावून घेते. सूर्य वर चढला, दव सुकलं, हवा हलायला लागली की फुलं कण सोडतात. दुपारपर्यंत त्यांचा जोर असतो. संध्याकाळी हवा निवली की वर गेलेले कण पुन्हा खाली उतरतात, म्हणून दिवेलागणीलाही घाई करत नाही. खिडक्या उघडायच्या त्या रात्री जेवणं झाल्यावर. वर नुसता पंखा. कूलर आमच्याकडे रामनवमीनंतर लागतो, आणि लागायच्या आधी जुनं गवत काढून टाकी घासून कोरडी केली जाते, कारण जुन्या ओल्या गवतात बुरशी धरते, आणि ती परागकणांपेक्षा वाईट. नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना जाड भिंती नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांनी निदान झोपायची एक खोली सांभाळावी. दिवसभर बंद, संध्याकाळी फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, केरसुणी न फिरवता. आठ तास नाकाला विश्रांती मिळाली तरी पुढचा दिवस वेगळा जातो.

उष्ण हवेचा एक फायदाही आहे, आणि तो आपण वापरत नाही. इथे कपडे घरातसुद्धा दोन तासांत वाळतात. तरी आपण ते गच्चीवर नेतो, दिवसभर वाऱ्यावर फडकवतो आणि संध्याकाळी घड्या करून तेच कण उशीच्या अभ्र्यावर आणून ठेवतो. फाल्गुन-चैत्रात माझी धुणी सज्जातल्या दांडीवर. गाद्या-गोधड्यांना ऊन वैशाखात. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, चालते तेव्हा माझा चिलबिल केव्हाच निवलेला असतो. ज्या दिवसांत सगळं शहर दारं लावून कण्हत असतं, त्या दिवसांत मी मोकळा श्वास घेते.

इथल्या मुली स्कूटीवर जाताना ओढणी तोंडाला आणि डोक्याला अशी गुंडाळतात की फक्त डोळे दिसावेत. उन्हासाठी गुंडाळतात, पण परागकणांसाठीही ती चांगली. फक्त तीच ओढणी न धुता दुसऱ्या दिवशी नाकावर बांधली, तर कालचे सगळे कण आज हुंगायचे. माझ्याकडे येणारी एक विद्यार्थिनी असंच करायची. सतरा वर्षांची, गळा फार गोड, वरचा षड्ज लागला की अंगावर काटा यावा. मागच्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या आईने फोन केला, "ताई, ती गाणं सोडतेय. तिला गाण्याने दम लागतो." मी तिला तशीच बोलावून घेतली. श्वास ऐकला आणि ती शिट्टी ओळखली.

गाणाऱ्यांचा त्रास इतरांपेक्षा थोडा वेगळा असतो. नाक हे गाळणं आहे. कण ओलसर केसांत आणि शेंबडात अडकतात. ‘आ’कारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर, गाणारा मात्र तोंडाने श्वास घेतो, तोही झटक्यात आणि भरपूर. गाळणं ओलांडून सगळं थेट घशात. त्यात अ‍ॅलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या नाक सुकवतात तशी स्वरयंत्राची ओलही सुकवतात, आणि झोप आणतात. नव्या गोळ्यांनी गुंगी कमी येते, तरी त्या घेऊन गाताना पाणी जास्त लागतं. सगळ्यात जास्त भीती गाणाऱ्यांना स्टेरॉइड या शब्दाची. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा नाकातच काम करतो, आवाजाच्या पट्ट्यांपर्यंत तो फारसा जात नाही. छातीसाठीचा जो पंप असतो, त्यातल्या औषधाने काहींचा आवाज बसतो, म्हणून तो घेतल्यावर खळखळून गुळण्या करायच्या. पण धाप लागत असेल तर पंप नाकारायचा नाही. दमा अंगावर काढण्याची गोष्ट नाही. त्या मुलीच्या आईला मी हे तीन वेळा सांगितलं, तिसऱ्यांदा हात धरून.

फवारा मारायचीही रीत आहे, आणि ती मला अकरा वर्षं माहीत नव्हती. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, म्हणजे नळीचं तोंड आपोआप कानाच्या दिशेला वळतं. मधल्या पडद्यावर मारलं तर रक्त येतं आणि औषध वाया जातं. जोरात ओढायचं नाही, हलका श्वास. आणि हा फवारा थेंबांसारखा दोन मिनिटांत काही दाखवत नाही. त्याला दिवस लागतात. म्हणून तो शिंका सुरू झाल्यावर नव्हे, हंगामाच्या दोन आठवडे आधी सुरू करायचा, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही. बाहेरून आल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं; पाणी उकळून कोमट केलेलं, कधीही थेट नळाचं नाही.

रियाज मी पहाटे साडेचारला नेला. गुरुजी सांगायचे ते पहाटेच्या खर्जाचं जुनं शिस्तपालन मी तरुणपणी कंटाळत करत होते. त्या वेळी हवा जड, दमट असते, झाडं शांत असतात, आणि तळघरात तंबोरा लावला की सहा वाजेपर्यंत सलग दीड तास मिळतो. आता ती मुलगीही शनिवार-रविवारी पहाटे येते. वडील सोडायला येतात आणि बाहेरच्या ओट्यावर डुलक्या घेतात.

विलायती बाभळीबद्दल थोडंच. ही मूळची मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. चंबळचे बीहड, म्हणजे नदीकाठच्या मातीच्या घळी, धुपून जाऊ नयेत म्हणून ऐंशीच्या दशकात तिच्या बिया विमानातून टाकल्या गेल्या. बीहड हिरवे झाले खरे. ती वर्षातून दोनदा फुलते, वसंतात आणि पुन्हा पावसाळा सरताना, त्यामुळे गणपतीच्या आरतीला घसा खवखवणारे खूप भेटतात. ते त्याला पावसाची सर्दी म्हणतात. दोन वर्षं लागोपाठ त्याच पंधरवड्यात होत असेल, तर तारीख लिहून ठेवा.

मी लिहून ठेवते. १९९८ पासूनच्या वह्या आहेत. पहिली शिंक कधी, अवकाळी पाऊस कधी झाला, कूलर कधी लागला. चंडीगडच्या संशोधकांनी २०२२ साली त्यांच्या शहराचं परागकणांचं पंचांग तयार केलं, कुठल्या महिन्यात हवेत कुणाचे कण ते दाखवणारं. वाचून मला फार आनंद झाला. तसं प्रत्येक गावाचं असावं, दाते पंचांगाशेजारी भिंतीला टांगलेलं. माझ्या वह्या एका नाकाच्या आहेत, पण त्यांवरून एक नक्की दिसतं की कॅलेंडरची तारीख धरून चालत नाही. एका वर्षी पहिली शिंक २ फेब्रुवारीला आहे, एका वर्षी २६ला. मग दोन आठवडे आधी म्हणजे नेमकं कधी?

ते मला अंगण सांगतं. अप्पा २००५ साली गेले. त्यांनी काठीचा आधार दिलेला धुमारा आता वाड्याच्या कौलांच्या वर गेलाय, आणि दुपारी दोननंतर मागच्या भिंतींवर पुन्हा सावली येते. त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली, फांद्यांच्या टोकांशी आकाश दिसायला लागलं, की फुलोऱ्याला अजून थोडे दिवस असतात. तेवढेच मला हवे असतात. या वर्षी १९ जानेवारीला सकाळी अंगण झाडताना केरसुणीखाली पाचोळा नेहमीपेक्षा जास्त लागला. मी वर पाहिलं. केरसुणी भिंतीला टेकवली, हात धुतले, कपाटातून फवाऱ्याची नवी बाटली काढली आणि वहीत तारीख घातली. मग त्या मुलीच्या आईला फोन लावला.

"आज रात्रीपासून सुरू करा," मी म्हटलं. "आमच्या चिलबिलाने पानं टाकलीत."